पहिल्या पंगतीतली धोंडुबाई

धोंडुबाईला गावात सगळे भांडकुदळ म्हणायचे. ती गेली त्या दिवशी स्मशानातून परत येतानाही दोघातिघांनी तेच म्हटलं. मला त्याचा तेव्हा संताप आला होता आणि आजही येतो. ती भांडायची हे खरंच. पण कशासाठी भांडायची, हे सांगायला त्यातल्या एकाचंही तोंड उघडलं नाही. सांगायचं तर आपल्या घरात कोण किती जेवतं हे आधी बघावं लागलं असतं. म्हणून मी सांगते. ती भांडली नसती तर माझी आई वाचली नसती आणि मी जन्मालाच आले नसते.

आमचं गाव धरमतरच्या खाडीकाठी, पेण तालुक्यात. एका अंगाला खाडीचा बांध, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मध्ये मिठागरं. पावसाळ्यात भात लावायचा, दिवाळी झाली की आगराची डागडुजी करायची, आणि माघापासून वैशाखापर्यंत मीठ. पुरुष मीठ ओढून ढीग लावायचे, बायका ते पाट्यांमध्ये भरून डोक्यावरून बांधापर्यंत वाहायच्या. पोटुशी बाईसुद्धा सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत पाटी उचलायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आणि घरी आल्यावर जेवणाचा क्रम ठरलेला. आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, मग सासू, आणि सगळ्यांची ताटं उचलून झाली की सून. कालवणातल्या चिंबोऱ्या, कोलंबी, मासळीचे तुकडे पहिल्याच पंगतीत संपायचे. सुनेपर्यंत पोचायचा तो भात, टोपाच्या तळाचं पाणी आणि मिरचीचा ठेचा. अन्नाची वाण होती असं कुणी म्हणू नये. खाडी दाराशी होती. बांधावर शेवगा होता, पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुरडू रानभर उगवायची, वालाचं पीक निघायचं. सगळं होतं. फक्त ते खाणाऱ्यांच्या रांगेत बाई शेवटी उभी होती, आणि रांग तिच्यापर्यंत येईतो टोप रिकामा व्हायचा.

धोंडुबाईनंही आयुष्याची चाळीस वर्षं हाच क्रम पाळला. नवरा लवकर गेला. मुलगा पुंडलिक आणि मुलगी सरू यांना तिनं मीठ वाहून वाढवलं. गावच्या बाळंतपणांना सुईण म्हणून तीच जायची. हात हलका होता, धीर मोठा होता. पण घरात वाढताना तीही पुंडलिकला तुकडा आणि सरूला रस्सा वाढायची. तिच्या आईनं तिला तसंच वाढलं होतं.

सरूचं लग्न शेजारच्या गावात झालं आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली. एकोणीस वर्षांची होती. त्या तीन महिन्यांत ती फार चिडकी झाली होती. उगाच रडायची, भावाच्या अंगावर खेकसायची, दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची. आणि चुलीची माती खायची. धोंडुबाईनं एकदा तिला चुलीचा पोपडा तोंडात टाकताना पकडलं आणि हातावर फाटकन मारलं. "माहेरी येऊन माती खातेस? लोक म्हणतील, आयनं उपाशी ठेवली."

बाळंतपणात सरूचं रक्त गेलं. धोंडुबाईनं त्याआधी याहून जास्त रक्त गेलेल्या बाया वाचलेल्या पाहिल्या होत्या. सरू वाचली नाही. बाळही चौथ्या दिवशी गेलं. गाव सांत्वनाला आलं, म्हणालं, नशीब. धोंडुबाईनंही तेच म्हटलं आणि पुढच्या हंगामात पुन्हा मिठाची पाटी डोक्यावर घेतली.

त्यानंतर आठ वर्षांनी, अठ्ठ्याहत्तर साली, सरकारनं खेड्यातल्या सुइणींना शिकवायचं ठरवलं. पेणला महिनाभराचा वर्ग होता. धोंडुबाईला अक्षर येत नव्हतं, पण ती रोज वडखळपर्यंत चालत जाई आणि तिथून एसटीनं पेण गाठी. हात कसे धुवायचे, नाळ कशी कापायची, हे तिला फारसं नवं वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नर्सबाईंनी एका गरोदर बाईला पुढं बसवलं, तिच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं खाली ओढली आणि सगळ्यांना आत बघायला सांगितलं. आत लाल दिसायला हवं होतं. त्या बाईचं पांढरं दिसत होतं.

नर्सबाई सांगत होत्या, हिच्या अंगात रक्त कमी आहे. अशी बाई लवकर दमते, तिला धाप लागते, चक्कर येते. ती चिडते, कारण नसताना रडते, तिला काही नकोसं होतं. कधी कच्चे तांदूळ खाते, कधी माती खाते. हिला हिरवा पाला, कडधान्य, नाचणी, मासळी पोटभर मिळायला हवी आणि या गोळ्या. नाहीतर बाळंतपणात थोडं रक्त गेलं तरी ती सोसू शकत नाही.

धोंडुबाई उठून बाहेर गेली आणि अंगणातल्या नळाजवळ बसून राहिली. बराच वेळ ती आली नाही म्हणून नर्सबाई बघायला गेल्या. धोंडुबाई त्यांना म्हणाली, "बाई, मी तिला मारलं. माती खाल्ली म्हणून मारलं. ती भुकेली होती आणि मी तिच्या हातावर मारलं."

ही गोष्ट तिनं पुढं माझ्या आईला सांगितली आणि आईनं मला. धोंडुबाईचा पहिला राग स्वतःवर होता. तो तिनं कुणापासून लपवला नाही. पण त्या रागाला घेऊन ती घरात बसली नाही. वर्गातून परतल्यावर तिनं पहिल्यांदा आपल्या सुनेची, शांतीची, पापणी ओढून पाहिली. त्या दिवशी पुंडलिकनं आधी जेवायला मागितलं तेव्हा ती म्हणाली, सगळे एकदम बसू. पुंडलिक आठवडाभर आईशी बोलला नाही. शांती मात्र सगळ्यांबरोबर जेवायला बसली.

मग धोंडुबाई विहिरीवर, आगरावर, वाटेत, भेटेल त्या बाईची पापणी ओढून बघू लागली. बाया हसायच्या, पळायच्या. ती घरी जाऊन सासूला सांगायची, हिला आधी वाढा. सासवा म्हणायच्या, तुझ्या घरचं बघ. भांडकुदळ हे नाव तेव्हा पडलं.

माझी आई मालू त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन गावात आली. तिचं माहेर रोह्याकडचं, कुंडलिकेच्या काठचं. तिचे वडील, गुणाजी, भात आणि वाल पिकवायचे. त्यांच्या घरात फार काही होतं असं नाही, पण मुलगी बापाच्या ताटाशेजारी बसून जेवायची. वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, जे असेल ते सगळ्यांना. आई म्हणायची, मी आले तेव्हा माझं पाटी उचलणं बघून सासरे खूश झाले होते.

आमच्या घरात आजोबा काळुराम, आजी सीताबाई, माझे वडील जगन आणि दोन धाकटे काका. सहावी आई. चार पुरुष जेवून उठले की आजी, आणि आजीनंतर आई. दहा महिन्यांत तिची मनगटं बारीक झाली. दिवस गेले, आणि सहाव्या महिन्यात ती ओळखू येईना. बांधावर पाटी उतरवून तिथंच रडत बसायची. धाकट्या काकांनी पाणी मागितलं तर तिनं तांब्या भिंतीवर फेकला. भिंतीचा सारवलेला भाग नखानं खरवडून खायची. तिला स्वतःलाही कळत नव्हतं की हे काय होतंय. उपकेंद्रातून मिळालेल्या गोळ्या आजीनं खाडीत टाकल्या होत्या, कारण त्या घेतल्यावर शौचाला काळं होतं आणि आजीला वाटलं की पोटातलं मूल काळं होईल.

गाव म्हणालं, खाडीवरची बाधा झाली. आजोबांनी भगत आणला. त्यानं तांदूळ टाकून पाहिलं, धूर केला, आणि सांगितलं की सात दिवस हिला फक्त अळणी पेज द्या, मासळीचा वाससुद्धा लागू देऊ नका. भुकेनं जिची मती फिरली होती तिला त्या माणसानं उपास सांगितला, आणि घरातल्या पाच जणांनी ते मान डोलावून ऐकलं. त्या पाचांत माझे वडीलही होते. मी त्यांना पुढं अनेकदा विचारलं की तुम्ही गप्प कसे बसलात. ते म्हणायचे, मला काय ठाऊक. मला हे उत्तर कधी पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई विहिरीवर चक्कर येऊन पडली. बायांनी तिला घरी आणलं आणि कुणीतरी धोंडुबाईला सांगितलं. ती आगरावरून तशीच आली, पायांना चिखल लागलेला. तिनं आईची पापणी ओढली आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांकडं वळून म्हणाली, "हिला भूत नाय लागलं. हिला भूक लागली हाय."

आजोबा म्हणाले, आमच्या घरात खायला कमी नाही. धोंडुबाईनं विचारलं की भगत यायच्या आदल्या दिवशी कालवण कसलं होतं. कोलंबीचं, ते म्हणाले. हिच्या ताटात किती कोलंब्या पडल्या, तिनं विचारलं. आजोबांना ते ठाऊक नव्हतं. माझ्या वडिलांनाही नव्हतं. तिनं एकेकाला विचारलं आणि एकालाही सांगता आलं नाही.

मग तिचा मोर्चा आजीकडं वळला. पेज कुणी शिजवली, गोळ्या कुणी टाकल्या, स्वतः बाई असून बाईला कसं उपाशी ठेवलंस, असं ती बोलत सुटली. आजी चुलीपाशी खाली मान घालून ऐकत होती. धोंडुबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि सवयीनं अंगठ्यानं पापणी ओढली. आजीच्या डोळ्यातही लाल नव्हतं. तिथंही पांढरंच.

आजी म्हणाली, "मना कोणी दिलं, गो, म्हणून मी हिला देऊ? मी या घरात आले तेव्हापासून तुकडा नाय खाल्ला."

धोंडुबाईनं तिची हनुवटी सोडली. नंतर ती ओटीवर आली, आजोबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली की आजपासून या दोघी तुमच्याबरोबर जेवतील. आजोबा म्हणाले, बायका पुरुषांच्या पंगतीला बसत नाहीत. ती दारात बसली. संध्याकाळचं जेवण होईतो ती उठली नाही. आजोबांनी शेवटी आपलं ताट उचललं आणि बाहेर पडवीत नेलं. आत आजी, आई आणि दोघे काका एका ओळीत बसले. वडील आधी दारात घुटमळले, मग येऊन आईशेजारी बसले.

दुसऱ्या दिवसापासून धोंडुबाई रोज दुपारी यायची. कधी शेवग्याच्या पाल्याची भाजी, कधी चिंबोरीचं कालवण, नाचणीची भाकरी. उपकेंद्रातून तिनं नव्या गोळ्या आणल्या आणि त्या आईनं आपल्यासमोर गिळल्याशिवाय ती हलायची नाही. जेवणावर लगेच चहा घेऊ द्यायची नाही, त्याऐवजी लिंबू पिळून द्यायची. हे तिला नर्सबाईंनी सांगितलेलं होतं. आजीलाही त्याच गोळ्या. मिठाची पाटी आईनं त्या हंगामात पुन्हा उचलली नाही, याबद्दलही आजोबांशी वेगळं भांडण झालं.

महिना-दीड महिन्यात आईनं भिंत खरवडणं सोडलं. विहिरीवरून येताना थांबावं लागेना. एकदा धाकटे काका चिखलात घसरून पडले तेव्हा ती इतकी हसली की आजी चुलीपासून उठून बघायला आली. आई मला म्हणाली होती, "मना वाटायचं, मीच वाईट हाय. माझा सोभावच तसला. पोट भरायला लागलं आणि तो सोभाव कुठं गेला ते कळलंच नाय." ती स्वतःला वाईट समजत राहिली, एवढे महिने, आणि कुणीही तिला जेवलीस का असं विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या गावाला माफ केलेलं नाही.

चैत्रात गावातल्या दाजी पाटलांच्या मुलाची हळद होती. हळदीला मटण, भाकरी, भात. अख्खं गाव जेवायला. पुरुषांच्या तीन पंगती उठायच्या आणि चौथी बायकांची. तोवर मटणाच्या टोपात नुसता पातळ रस्सा उरलेला असायचा. दरवर्षी, प्रत्येक हळदीला. भाकऱ्या सकाळपासून बायकांनीच भाजलेल्या असायच्या.

पहिल्या पंगतीची पानं मांडली आणि पुरुष हातपाय धुवायला गेले, तेवढ्यात धोंडुबाई मांडवात आली. तिच्यामागून चौघी. दोन पोटुशी, एक ओली बाळंतीण कडेवर मूल घेऊन, आणि आठव्या महिन्यातली माझी आई. पाचही जणी पहिल्या ओळीत पानांवर बसल्या. धोंडुबाईनं शांतीलाही बोलावलं, पण ती दारातच थांबली.

पुरुष परत आले ते पानांपाशी येऊन थांबले. पंगतीत वाढायला असलेला पोपट नावाचा पोरगा मटणाची बादली घेऊन ओळीच्या टोकाला उभा राहिला. धोंडुबाई त्याला म्हणाली, वाढ. त्यानं दाजींकडं पाहिलं.

दाजी चांगला माणूस होता, त्यालाही तमाशा नको होता. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "धोंडुबाई, उठा. तुमची पंगत चौथी. लोक काय म्हणतील?"

"लोकांनी माझ्या सरूच्या मरणाला नशीब म्हटलं," ती म्हणाली. "ते नशीब नव्हतं. मी तिला शेवटी वाढायची. या पोरी आज जेवल्याशिवाय उठणार नाय. ज्याला राग येतो त्यानं पोटात पोर घेऊन पाटी उचलावी आणि मग पहिला बसावा."

कुणीतरी मागून शिवी दिली. पुंडलिक पुढं आला आणि आपल्या आईचा, धोंडुबाईचा, दंड धरून तिला उठवू लागला. तिनं हात सोडवून घेतला नाही, पण उठलीही नाही. तेव्हा भाकऱ्यांच्या चुलीपासून माझी आजी आली. पीठ लागलेले हात तिनं पदराला पुसले, मांडवातून सरळ चालत आली आणि आईशेजारच्या पानावर बसली. ती कुणाकडं बघत नव्हती. पुंडलिकनं हात सोडला. पोपटनं बादली पुढं आणली आणि पहिला तुकडा आजीच्या पानात वाढला.

निम्मे पुरुष न जेवता निघून गेले. उरलेले उभे राहून बायांचं जेवण होईपर्यंत थांबले, कारण मटणाचा वास सुटला होता आणि भूक त्यांनाही होती. एका जेवणापुरती थांबायची वेळ त्यांच्यावर आली, तर वर्षभर त्याचीच चर्चा झाली. बाया पिढ्यान्‌पिढ्या थांबल्या त्याची कुणी चर्चा केल्याचं मला आठवत नाही.

धोंडुबाईला त्यानंतर लग्नाहळदीची आवतणं बंद झाली. पुंडलिक वेगळा राहू लागला. शांती मात्र रोज सासूकडं यायची, गुपचूप. आवतणं बंद झाली तरी कळा सुरू झाल्या की तिलाच बोलवायला यायचे, आणि ती जायची. तिची एकच अट असायची. बाळंतीण पहिल्या दिवसापासून तिच्यासमोर जेवेल, आणि वाल वातूळ, मासळी बाधते, पाल्यानं बाळाला शौचाला हिरवं होतं, असलं काही ती ऐकून घेणार नाही. त्या घरात मग सव्वा महिना तरी बाई जेवायची. पुढं काय व्हायचं ते त्या त्या घरावर.

मी वैशाखात झाले. आईचं रक्त बेताचं गेलं. नर्सबाईंनी झोळीच्या काट्यावर मला तोललं आणि वजन ठीक आहे म्हणाल्या. मुलगी झाली म्हणून आजोबा पडवीतून आत आले नाहीत. आजीनं आईसाठी बिरडं केलं.

सगळं गाव सुधारलं असं मी सांगणार नाही, कारण तसं झालं नाही. काही घरांत एकत्र जेवण सुरू झालं, बहुतेक घरांत नाही. आजोबा मरेपर्यंत पडवीतच जेवले, वीस वर्षं, पावसाची झड अंगावर घेत. बायकोशेजारी बसण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं. हल्ली मी पेणला राहते, शाळेत शिकवते. पालकसभेला बाया येतात, सकाळपासून चहा-बिस्किटावर असतात, रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनचा आकडा आठ, आणि नवरा शेजारी बसून मला सांगतो की हिचं डोकंच गरम आहे. मी त्याला विचारते, काल तिनं काय खाल्लं. त्यालाही ठाऊक नसतं.

आजी त्या हळदीनंतर एकवीस वर्षं जगली. रोज आईशेजारी बसून जेवायची. पण टोपातून मासळीचा तुकडा तिनं स्वतःच्या हातानं कधीच घेतला नाही. आई वाढायची, आणि आजी दर वेळी ताटावर आडवा हात धरून म्हणायची, पुरे गो, पुरे. आई तो हात बाजूला करून वाढायची. आजीनं खाल्लं सगळं. फक्त तो हात आडवा यायचा थांबला नाही, अगदी शेवटच्या आजारातही नाही.